नियोजनातला रिकामा दिवस

आपल्या इंझोरीहून कारंजा जवळ, आणि तिथूनच समृद्धी महामार्ग जातो. पण त्यावर दुचाकीला मनाई. बाइकवर लडाखला निघालेल्या आपल्याकडच्या पोरांना वाट वाकडी करायची सवय घराजवळच लागते म्हणायची!

मुहूर्तही आपल्या हाती नसतो. मनाली-लेह रस्ता उन्हाळ्याच्या अखेरीस मोकळा होतो आणि ऑक्टोबरात पुन्हा बर्फाकडे झुकतो. नेमकी तेव्हाच आपली पेरणी, डवरणी, सोयाबीनची सोंगणी. उरतो तो पोळ्याच्या आगेमागेचा काळ.

मग याद्या होतात. क्लच केबल, पंक्चरचं सामान, पेट्रोलचे कॅन. वाटेतल्या टांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी उगाच गाजली नाही. पण यादीत एक गोष्ट काही केल्या बसत नाही, ती म्हणजे विश्रांती. वाटेत केलाँग किंवा जिस्पाला थांबायचं, साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला पोचलं की पुन्हा थांबायचं. पुढे ५,३५९ मीटरच्या खारदुंग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. तिथे इंजिन धापा टाकतं, माणसाचं डोकं ठणकतं. शरीराला सवय व्हायला वेळ द्यावाच लागतो.

मोजकी सुटी घेऊन निघालेल्याला विश्रांतीचा हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. मला मात्र अख्ख्या प्रवासात तोच सगळ्यांत अवघड वाटतो. गाडी दाराशी, आभाळ निरभ्र, सोबती हॉर्न वाजवतायत, आणि आपण खोलीत पाणी पीत पडलेलो. डोकेदुखी थांबली नाही, तर दुसऱ्या दिवशीही तसंच.