चौकात खेळणारी मुले



उद्ध्वस्त झालेल्या यरुशलेमला देव जखऱ्या संदेष्ट्याच्या मुखातून धीर देतो, तेव्हा तो नव्या नगरीचे एक चित्र दाखवतो. त्यात राजवाडा नाही, सैन्य नाही. काठी घेऊन निवांत बसलेली वृद्ध माणसे आहेत आणि चौकाचौकांत खेळणारी मुले-मुली आहेत (जखऱ्या ८). नगर सावरले याची खूण म्हणून देवाने मुलांचा खेळ निवडला.

आपल्या नांदेड-लातूरकडे या नजरेने पाहिले तर काय दिसते? २००८-०९ मध्ये केंद्र सरकारने 'पायका' योजना सुरू केली. दहा वर्षांत देशातील प्रत्येक ग्रामपंचायतीत मैदान करायचे आणि मुलांना खेळवायला गावातलाच एक 'क्रीडाश्री' नेमायचा, असा तिचा हेतू होता. २०१४ मध्ये तिच्या जागी राजीव गांधी खेल अभियान आले आणि भर गावावरून तालुक्यावर गेला. २०१६ मध्ये तेही 'खेलो इंडिया'त विलीन झाले. गावच्या मैदानापेक्षा गुणी खेळाडू हेरण्याला महत्त्व आले.

पुढे २०२१-२२ च्या अंदाजपत्रकात 'खेलो इंडिया'ची तरतूद सुमारे ८९० कोटींवरून ६५८ कोटींवर आणली गेली. आधीच्या वर्षी करोनामुळे मैदाने बंद होती आणि ठेवलेला बराच निधी वापरलाच गेला नव्हता, हे खरे. २०२२-२३ मध्ये तरतूद ९७४ कोटी झाली, हेही खरे. पण अंदाजपत्रकातला पैसा परत येतो, मुलाचे वय परत येत नाही. बाराव्या वर्षी ज्याचे मैदान सुटले, त्याला पुढच्या वर्षीची वाढीव तरतूद ते वर्ष कुठून देणार?

कपातीची झळ सर्वांना सारखी लागत नाही. ज्याच्या वडिलांकडे पैसे आहेत, त्याला खासगी प्रशिक्षक मिळतो, क्लबची फी भरता येते. आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलाला सरकारी मैदानाशिवाय दुसरे मैदान नसते. दिव्यांग मुलीला तर नुसते मैदानही पुरत नाही. तिला शिकवणारे जाणते माणूस लागते.

आपल्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव या गोळाफेकपटू २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात सुमित अंतिल यांच्याबरोबर भारताचा ध्वज घेऊन चालल्या. आपली मान उंचावली. पण जी मुलगी कधीच पॅरिसला जाणार नाही, तिने खेळावे की नाही? केवळ पदकासाठी खेळ असेल, तर तिच्यावरचा खर्च वायाच म्हणावा लागेल.

संत थॉमस अक्वायनस यांनी एक जुनी कथा सांगितली आहे. प्रेषित योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना काहींना दिसला आणि त्यांना ते खटकले. त्यांच्यातील एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, मग पुन्हा, पुन्हा. "असेच सतत करत राहशील काय?" असे विचारताच तो म्हणाला, "नाही, धनुष्य मोडेल." मनाचेही तसेच आहे, असे योहानाने समजावले. थॉमस म्हणतात, शरीराला जशी विश्रांती, तसा मनाला खेळ. ती माणसाची गरज आहे. मग ती गरिबाचीही आहे, आणि जिंकण्याशी तिचा संबंध नाही.

संत पौल करिंथकरांना सांगतो की, शरीराचे जे अवयव दुर्बल वाटतात तेच अधिक आवश्यक आहेत. घर चालवताना आपण आजारी लेकराचे दूध आधी तोडत नाही. शासनाकडूनही हीच अपेक्षा करणे म्हणजे भीक मागणे नव्हे, न्याय मागणे होय.

म्हणून आम्ही दोन गोष्टी सुचवतो. येत्या ग्रामसभेत आपल्यापैकी कोणीतरी उभे राहून विचारावे: गावाच्या मैदानाची जागा कोणती, ती मोकळी आहे का, त्यावर काय खर्च झाला? शहरातल्यांनी तोच प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारावा. आणि आपल्या चर्चचे आवार संध्याकाळी वस्तीतल्या सर्व मुलांसाठी, कोणत्याही धर्माच्या, खुले करू या. तरुणांनी आळीपाळीने तासभर द्यावा. मात्र आपला एक चेंडू सरकारचे कर्तव्य फेडत नाही, हेही ध्यानात ठेवू या. दोन्ही करावे लागेल.

मुलांना जवळ येऊ देणारा प्रभू आपल्या चौकांत पुन्हा खेळ भरवो. आमेन.