भाताचा गोळा आणि रान

गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात, कमलापूरला, वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. एकेकाळी लाकूड ओढण्यासाठी ठेवलेल्या हत्तींचा हा गोतावळा. रात्री हत्ती रानात असतात. सकाळी माहूत आणि चाराकटर त्यांना शोधायला निघतात. मातीत त्यांच्या पायातल्या साखळीचा ओरखडा उमटलेला असतो, त्याच्या मागावर जायचं. मग तळ्यात आंघोळ आणि गूळ-मीठ घातलेल्या भाताचा गोळा. हत्ती सोंड वर करतो, गुलाबी जीभ पुढे येते आणि माणूस कोपरापर्यंत हात घालून गोळा आत ठेवतो. किती विश्वास लागतो याला, दोघांनाही!

वेळेवर जेवण म्हणजे चांगली निगा, असं आपण आपल्यावरून धरून चालतो. पण प्राणिसंग्रहालयातला बिबट्या मांस यायच्या कितीतरी आधीपासून दाराशी येरझारा घालू लागतो. तेच वळण, तोच झटका मानेला, खालची माती घासून गुळगुळीत. उशीर झाला तर फेऱ्या वाढतात. जेवण मात्र काही मिनिटांत संपतं. ताडोबातल्या वाघाला कधी चार-चार दिवस शिकार साधत नाही, तरी वास घेणं, दबा धरणं, हद्द फिरणं चालूच असतं. पिंजऱ्यातल्याची भूक आपण भागवतो, पण त्याचा अख्खा दिवस काढून घेतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी मांस लपवून ठेवतात, वेळा बदलतात, अस्वलासाठी लाकडाच्या भोकांत मध भरतात. काहींना हे खेळ वाटतात. मला वाटतं, त्या जिवाचं काम त्याला परत दिलं जातंय.

हत्तीचं तर सगळं आयुष्यच खाण्यात जातं. रानात तो दिवसाचे सोळा-अठरा तास चरतो, दीडशे किलोपर्यंत चारा पोटात घालतो. एका गोळ्याने त्याचं काय होणार? कमलापूरचा गोळा म्हणजे सकाळची भेट. खरं जेवण रात्रीचं, बांबू मोडत, साल सोलत, आपल्या सोंडेने शोधलेलं. ज्या पायांनी हे रान फिरायचं, त्यांचीही काळजी घेतात. हिवाळ्यात हत्तींना काही दिवसांची रजा मिळते आणि जडीबुटीच्या गरम लेपाने पाय शेकले जातात. चोपिंग म्हणतात त्याला.

रजा संपली, की पुन्हा सकाळी मातीत तो ओरखडा शोधायचा.