पाजत्यांच्या चालीने

वाचावयाचा पाठ : उत्पत्ति ३३:१२-१४

एसावाने याकोबास आपल्याबरोबर चालण्याचा आग्रह केला, तेव्हा याकोबाने तो नम्रपणे नाकारला. त्याची मुले कोवळी होती, गाईमेंढ्या पाजत्या होत्या. एका दिवसाच्या घाईने कळप गमवावा लागेल, हे जाणून त्याने आपली चाल त्यांच्या चालीस जुळविली.

हा पाठ आमच्या मंडळ्यांस फार जवळचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून कुटुंबे ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे फडावर जावे, ऊस तोडावा, मोळ्या बांधाव्या, गाडी भरावी. अंगावरचे मूल बांधावर झोळीत असते. आई पाजावयास बसली तर मुकादम ओरडतो. दिवसभर खोपीवर राहिली तर खाडा धरून पैसे कापतो. मग थोरली बहीण तान्ह्याच्या तोंडी साखरेचे पाणी घालते. मूल उगे राहते, पण पोसले जात नाही. आणि पाणी अशुद्ध असल्यास त्यास हगवण लागते.

देवाने योजिलेली रीत अशी की, मूल जितके ओढील तितके दूध उतरते. पाजणे चुकत गेले की दूध आटते. तो आईचा दोष नव्हे. पहिला चीक टाकू नये. जन्मानंतर तासाभरात पाजावे; सहा महिने पाणीसुद्धा देऊ नये; पुढे वरच्या अन्नासह दोन वर्षे वा अधिक पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसा अंतर पडल्यास रात्री अधिक वेळा पाजावे.

परंतु आईस उपदेश करून आम्ही मोकळे होऊ नये. शमुवेलाचे दूध तुटेपर्यंत हन्ना शिलोच्या वार्षिक यज्ञास गेली नाही, आणि एलकानाने त्यास रुकार दिला. यज्ञाची वाट जर तान्ह्यासाठी थांबली, तर उसाची गाडी घटकाभर थांबू नये काय?

म्हणून ज्या भावाच्या हाती मुकादमी आहे, त्याने पाजण्याच्या वेळेचा खाडा धरू नये. पतीने तेवढा वेळ तिच्या वाटच्या मोळ्या बांधाव्या. टोळीतील एखाद्या वडील बाईने मुले सांभाळावी, व भूक लागताच तान्हे आईकडे पोचवावे. उपदेशकांनी टोळ्या निघण्यापूर्वीच घरोघर जाऊन हे ठरवून घ्यावे.

आमचा मेंढपाळ पाजत्यांस सांभाळून नेणारा आहे. त्याचे म्हणविणाऱ्यांनी त्याचा कळप दौडवू नये. आमेन.