धर्माची गाय

'धर्माची गाय, अन् दात का गं नाय?' असं विचारणाऱ्या बाईची आपण पिढ्यान्‌पिढ्या चेष्टा करत आलो आहोत. अलीकडे मात्र तिच्याबद्दलचा माझा आदर वाढीला लागला आहे.

निमित्त माझ्या लॅपटॉपचं. त्याचं वय आठ, प्रकृती ठणठणीत. पण आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मालकांनी 'नवी आवृत्ती ह्या यंत्रावर चालणार नाही' असं जाहीर करून त्याला जिवंतपणीच पंचांग दाखवलं. शेवटी भाचा एक पेनड्राइव्ह घेऊन आला आणि चहा निवायच्या आत त्यानं लिनक्स बसवलं.

"किती झाले रे?"

"काही नाही, मामा."

"म्हणजे फुकट?"

"फुकट नव्हे, मुक्त!"

इंग्रजीत ह्या दोन्हींना एकच शब्द. त्यामुळे १९८३ साली हा खटाटोप आरंभणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन ह्यांना तेव्हापासून लोकांना त्यातला फरक समजावत बसावं लागलं. मराठी माणसाचे ते कष्ट वाचले. फुकट म्हणजे पैसे न देता मिळालेलं, मुक्त म्हणजे दावं न लावलेलं. लिनस टोरवाल्ड्‌स ह्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली ह्या सिस्टिमचा गाभा लिहिला आणि पुढे तो ह्याच अटींवर जगाला देऊन टाकला: चालवा, उघडून बघा, बदला, वाटा. म्हणजे गाय धर्माची, आणि वर दात मोजायचं आमंत्रण!

आता पंचाईत अशी, की त्या गाभ्यातल्या तीन कोटींहून अधिक ओळींपैकी मला एकही वाचता येत नाही. मग उघडून बघायचं हे स्वातंत्र्य मला असलं काय, नसलं काय? जो हक्क आपण जन्मात बजावणार नाही, त्याला हक्क म्हणायचं का?

हा गहन प्रश्न मी सौभाग्यवतींपुढे ठेवला. त्या भाजी निवडत होत्या.

"सोसायटीच्या हिशेबाची वही तुम्ही कधी वाचलीत?"

"नाही."

"आणि उद्या सेक्रेटरी म्हणाले, वही दाखवणार नाही, तर?"

तर मी जिना दणाणून सोडीन! न वाचणं वेगळं आणि वाचू न देणं वेगळं. शिवाय वही उघडी असली, की तळमजल्यावरचे पेन्शनर ती वाचतातच. माझ्या वाटचंही वाचतात.

असाच एक वाचणारा मार्च २०२४ मध्ये भेटला. अँड्रेस फ्रॉइंड ह्या इंजिनियराला दिसलं, की दूरच्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. आपण अर्ध्या सेकंदात जांभईसुद्धा पुरी करत नाही. हा गृहस्थ मात्र खणत गेला आणि 'एक्सझेड' नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये लपवलेला चोरदरवाजा त्याला सापडला. तो प्रोग्रॅम वर्षानुवर्षं जवळजवळ एकटा माणूस विनामोबदला सांभाळत होता. चोर मदतनीस म्हणून आला, दोनेक वर्षं राबला, विश्वास कमावला आणि मग दरवाजा पाडला.

उघड्या वहीत चोर शिरू शकतो, हे ह्यातून दिसलंच. पण उघडी होती म्हणून तो सापडलाही. आणि मला खरी टोचणी लागली ती त्या एकट्या माणसाची. कोणीतरी दमतो, कोणीतरी दात मोजतो, आणि मी नुसता दूध पितो. बिल नाही म्हणून देणं नाही, असं थोडंच आहे? उलट बिल आलं असतं तर ते भागवून मोकळा झालो असतो!

परवा प्रिंटर रुसला. पूर्वी मी कंपनीच्या नावानं खडे फोडायचो. इथे परवान्यातच लिहिलंय, कसलीही हमी नाही. तेव्हा काय केल्यावर काय होतं, हे सगळं क्रमवार लिहून मी करणाऱ्यांकडे धाडलं. खाली 'आपला नम्र' लिहायलाही विसरलो नाही. दात मोजता येत नसतील, त्यानं निदान पेंढीभर गवत तरी टाकावं.