खिडकी दुरुस्त करावी की बदलावी?

मावशींच्या खोलीतील खिडकीच्या दोन काचांमध्ये धुके धरले. आतून पुसा, बाहेरून पुसा, जाईना. येथे लंडनमध्ये दुहेरी काचेच्या खिडक्या असलेल्या वाचकांस हा प्रसंग नवा नसेल. पाहावयास आलेल्या विक्रेत्याने घरातील सातही खिडक्या निकामी ठरविल्या व हप्त्यांचा कागद पुढे केला.

आम्ही नकार दिला आणि मनात थोडा अभिमानही बाळगला. वेढा घातलेल्या नगराचीसुद्धा फळझाडे तोडू नयेत असे तोरा सांगते (अनुवाद २०:१९). त्यावरून हाखामांनी ‘बाल तश्खित’, म्हणजे उपयोगी वस्तूचा विनाकारण नाश करू नये, हा नियम काढला. शिवाय कोकणातले वळण! अलिबागेकडील घरी पावसाने फुगलेल्या झडपेस सुतार रंधा मारून ती परत बसवीत असे. फेकण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही येत नसे.

हा अभिमान आम्ही अख्खा एक हिवाळा पोसला. मावशी मात्र शालीवर शाल घेऊन खिडकीपासून दूर बसू लागल्या होत्या. त्या तक्रार करीत नाहीत, हे आमच्या सोयीचेच होते. बचत आमची, थंडी त्यांची.

तल्मूदाच्या शब्बाथ प्रकरणात, १२९ व्या पानावर, एक हकीकत आहे. रक्त काढल्यावर अंगात थंडी शिरू नये म्हणून शेकोटीसाठी शमुएलाकरिता सागवानी आसन फोडले गेले, रब्बाकरिता बाकडे. हा बाल तश्खितचा भंग नव्हे काय, असे अबायेने रब्बास विचारले. आपल्या शरीराची नासाडी टाळणे आपणांस अधिक मोलाचे वाटते, असा रब्बाच्या उत्तराचा आशय आहे.

मग आम्ही खिडक्या नीट तपासल्या. खोलीच्या बाजूस पाणी धरत असेल तर तो घरातील दमटपणा. हवा खेळती ठेवावी. धुके दोन काचांच्या मध्ये असेल तर कडेची बंदिस्ती फुटलेली असते. तेव्हा चौकट शाबूत ठेवून काचेची जोडी तेवढी बदलता येते. काचेस भोक पाडून धुके काढून देणारेही आहेत, पण फुटकी बंदिस्ती तशीच राहते. वारा शिरतो तो बहुधा झिजलेल्या रबरपट्टीतून किंवा सैल बिजागरीमुळे. चौकटच कुजली असेल तर मात्र डागडुजीचा पैसा पाण्यात. मावशींच्या खिडकीच्या खालच्या लाकडात पेचकस लोण्यात शिरावा तसा शिरला.

ती एक समूळ बदलली. दोहोंच्या काचा बदलल्या, एकीस नवी रबरपट्टी लावली. तिघींस हातही लावला नाही.

विक्रीत एकमेकांस नाडू नये असे लेवीय २५:१४ मध्ये सांगितले आहे, आणि त्या विक्रेत्यास दोष देणे सोपे आहे. त्याने चांगल्यास वाईट म्हटले. पण आम्हीही वाईटास चांगले म्हणतच होतो. त्याला निदान पोटाचे कारण होते. आम्ही तोराचे वचन पुढे केले, हे अधिक बोचते.

मावशींनी खुर्ची पुन्हा खिडकीशी सरकविली आहे. खर्च किती आला, हे त्यांनी दोनदा विचारले. आम्ही अजून सांगितलेले नाही.