गुरुवारचे चिंतन : मागचे गुण, पुढचा नेम

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या हैदराबाद केंद्रातल्या एक काकू दोन महिने आरतीला आल्या नाहीत. फोनवर म्हणायच्या, "गुडघे दुखतात गं." परवा घरी गेले तेव्हा खरं कारण कळलं. त्यांचा नातू कॅलिफोर्नियात असतो. हायस्कूलमध्ये त्याचे गुण फार कमी आले, कुठल्याच युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला नाही. "आरतीला आलं की विचारतात, नातू काय करतो? काय सांगू?" माझी मान खाली गेली. तो प्रश्न सर्वात आधी मीच विचारला होता. काकूंच्या परवानगीने, नाव न घालता, हे लिहिते आहे.

गुरुचरित्राचा आठवा अध्याय आपण सगळ्यांनी वाचलाय. बाप वेदज्ञ, मुलगा मंदबुद्धी. लोकांच्या टोमण्यांनी माय-लेक इतके खचले की कुरवपूरला कृष्णेत जीव द्यायला निघाले. श्रीपाद श्रीवल्लभांनी त्यांना अडवलं. त्यांनी मुलाची परीक्षा घेतली नाही. आधी आईला मागे फिरवलं, तिला शनिप्रदोषाचा नेम दिला, मग मुलाच्या मस्तकावर हात ठेवला. त्या दोघांना नदीपर्यंत कोणी नेलं? अभ्यासाने नाही, लोकांच्या बोलण्याने नेलं. हे मी इतकी पारायणं करून परवा पहिल्यांदा वाचलं, असं वाटलं.

आता त्या नातवाचं. आपल्या बऱ्याच घरांतली मुलं तिकडे आहेत, म्हणून सविस्तर सांगते. तो आता कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकतो. तिथे हायस्कूलचे गुण कमी म्हणून कोणाला परत पाठवत नाहीत. दोन वर्षं नीट अभ्यास करून ६० सेमिस्टर युनिट्स पूर्ण केले की युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात थेट तिसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. तेव्हा मुख्यतः कॉलेजमधलं काम पाहतात. तिथल्या रहिवाशांना किमान २.४ जीपीए लागतो, चांगल्या शाखांना बराच जास्त. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा ठिकाणी 'टॅग' नावाची सोय आहे : ठरलेले विषय आणि गुण पूर्ण केले तर जागेची हमी. त्याचा फॉर्म सप्टेंबरमध्ये भरायचा असतो. बर्कली आणि लॉस एंजेलिसला ही हमी नाही, पण अर्ज करता येतो. कुठला विषय कुठे धरतात, ते पहिल्याच सेमिस्टरला कॉलेजच्या समुपदेशकाला विचारून घ्यावं, नाहीतर वर्ष वाया जातं.

मात्र एक गोष्ट आहे. ह्या मुलाचा पहिल्या सेमिस्टरला गणित विषय गेला. त्याला वाटलं, दुसऱ्या कॉलेजात नाव घालू आणि हे सांगायचंच नाही. पण अर्जात आधीच्या प्रत्येक कॉलेजचं सगळं लिहावं लागतं. लपवलं आणि कळलं, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. वडील त्याला म्हणाले, "लिही, आणि तोच विषय पुन्हा घे." त्याने घेतला, आणि यंदा पास झाला.

मंडळी, आपण संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे शब्द नेहमी ऐकतो. त्यांचा अर्थ मला ह्या मुलाकडून कळला. मागचं पुसत नाही, लपवायचंही नाही. पण आज हातात जे काम आहे, ते पूर्ण आपलं आहे. आणि पोथी वाचली की गुण वाढतील, असा सौदा गुरूंशी करू नये. त्या आईलाही आधी नेमच मिळाला. आपल्या मुलांच्या डोक्यावरचा हात म्हणजे दोन वर्षं रोज उघडलेली वही, बरं का.

ह्या आठवड्याचा संकल्प :
🌼 कोणाच्याही मुला-नातवाचे गुण विचारायचे नाहीत.
🌼 घरात मागे पडलेलं मूल असेल तर त्याला आज फोन करायचा. "जेवलास का?" एवढंच विचारायचं.
🌼 त्याच्या आईला, आजीला आरतीला सोबत घेऊन यायचं.

काकू ह्या गुरुवारी येणार आहेत. नातवाचं कोणी काही विचारू नका. त्यांना सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏