तुम्ही मूळचे कुठले?

माणूस एखाद्या भूमीचा कशाने होतो? वंशाने, हुकूमतीने दिलेल्या कागदाने, की तिथे गाळलेल्या घामाने? आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. ज्याच्या सात पिढ्या इथल्याच कब्रस्तानात निजल्या आहेत, अशा मराठवाड्यातल्या मुसलमानालाही “तुम्ही मूळचे कुठले?” हे कधी ना कधी ऐकावे लागतेच. त्याचे उत्तर आपण एक तर चिडून देतो, नाहीतर खालमानेने. आम्हाला ते उत्तर प्राचीन रोमच्या इतिहासात शोधावेसे वाटते. कुठे रोम आणि कुठे गेवराई तालुक्यातले आमचे तलवाडा, असे कुणी म्हणेल. पण हे अंतर वाटते तितके मोठे नाही.

रोम आपल्याला परका नाही. कुरआन शरीफमधल्या तिसाव्या सूरहचे नावच ‘अर्-रूम’ आहे. इ.स. ६१४ मध्ये इराण्यांनी रूमी साम्राज्याकडून बैतुल मुकद्दस हिसकावून घेतले. रूमींच्या पराभवांच्या बातम्यांनी मक्केतले मुशरिक खूश झाले आणि तिथले मूठभर मुसलमान हळहळले, कारण रूमी अहले-किताब होते. रूमी काही वर्षांतच पुन्हा विजयी होतील, हे त्या सूरहने आधीच सांगितले. सन ६२८ पर्यंत बादशहा हिरक्लने आपले साम्राज्य खरोखरच सावरले होते. आपल्या आधीच्या लोकांचा शेवट काय झाला ते जमिनीवर फिरून पाहा, ही ताकीदही याच सूरहमध्ये आहे. म्हणजे इतिहास वाचायचा तो इब्रतीसाठी. फुशारकीसाठी नव्हे आणि रडगाण्यासाठीही नव्हे.

मग रोमकडून कोणती इब्रत घ्यावी? लढाया बाजूला ठेवू आणि ‘आपले कोण?’ हा सवाल रोमपुढे उभा राहिला ते क्षण पाहू.

इटलीतली मित्रराज्ये रोमच्या फौजेत लढत होती, मरत होती. पण त्यांना नागरिकत्व नव्हते. इ.स.पू. ९१ मध्ये त्यांनी बंड पुकारले. बरेच रक्त सांडल्यावर रोमने तो हक्क दिला. पुढे इ.स. ४८ मध्ये गॉल प्रांतातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लोकांना सिनेटमध्ये घ्यावे की नाही असा वाद पेटला. तेव्हा सम्राट क्लॉडियस त्यांच्या बाजूने बोलला. त्याचे म्हणणे टॅसिटस या इतिहासकाराने नोंदवले आहे. स्पार्टा आणि अथेन्स रणात शूर होते, पण जिंकलेल्यांना त्यांनी कायम परके मानले आणि म्हणून ते बुडाले, असा त्याचा आशय. त्या भाषणाचा काही भाग कोरलेला कांस्यपट फ्रान्समधल्या लिऑं शहरात आजही आहे. इ.स. २१२ मध्ये काराकाला या सम्राटाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक केले. इ.स. २४८ मध्ये रोमच्या स्थापनेला हजार वर्षे झाल्याचा जलसा झाला, तेव्हा तख्तावर आजच्या सीरियात जन्मलेला फिलिप होता. इतिहास त्याला ‘अरब फिलिप’ म्हणूनच ओळखतो. रोमने वंशाचा आग्रह सोडला म्हणून रोम इतका टिकला, हा पहिला धडा.

दुसरा धडा मात्र कडू आहे. नागरिकत्व जसजसे सर्वांना मिळत गेले, तसतसे रोमच्या कायद्यात माणसांचे दोन थर पडले. वरचे इज्जतदार आणि खालचे सामान्य. गुन्हा एकच, पण वरच्याला हद्दपारी आणि खालच्याला खाणीतली सक्तमजुरी किंवा हिंस्र जनावरांच्या तोंडी देणे. दोघांकडेही नागरिकत्व होते, इन्साफ मात्र एकाच्याच वाट्याला आला. कागद आवश्यक आहे, तो जपलाच पाहिजे. पण कागदाला इन्साफाची जोड नसेल तर तो कपाटातच राहतो.

आता घामाकडे येऊ. ही गोष्ट आपल्याच मातीतली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे समुद्रप्रवासाचे टिपण लिहिले. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे तो सांगतो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड आणि तेरहून साधे कापड नि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. तिथून तो माल रोमन जगात पोहोचे. नकाशावर पैठण ते तेर सरळ रेघ ओढली, तर ती बीडजवळूनच जाते.

प्लिनी या रोमन लेखकाने तक्रार केली आहे की हिंदुस्थानचा माल दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात तो मेला. त्याच उद्रेकात पाँपेई शहर गाडले गेले. तिथे १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत.

प्लिनीने पैसे मोजले, पेरिप्लसने दिवस मोजले. पण ती मलमल विणणाऱ्याचे, गाडी हाकणाऱ्याचे नाव कुणीच लिहिले नाही. रोमच्या गुलामांचेही तेच झाले. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार गुलाम क्रूसावर चढवले गेले. रोमची शेती त्यांच्या घामावर पिकत होती, पण रोमने त्यांना आपले म्हटले नाही. आज आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला गाड्या निघतात, तेव्हा त्या गाड्यांवरच्या लोकांची नावे तरी कोणत्या इतिहासात जाणार आहेत?

कुणी विचारेल, घामानेच हक्क ठरत असेल तर आजारी, म्हातारे, बेकार यांनी काय करावे? सवाल रास्त आहे. घाम हा हक्काचा पुरावा आहे, हक्काची अट नव्हे. अट एकच, माणूस असणे. १९५० पासून लागू असलेल्या आपल्या संविधानाचा १४वा अनुच्छेद कायद्यापुढची समानता केवळ नागरिकाला नव्हे, तर ‘कोणत्याही व्यक्तीला’ देतो. रोमला जे साधले नाही ते या देशाने लिहून ठेवले आहे. ते पाळले जावे हे मागण्याचा हक्क आपला आहेच.

पण दुसऱ्याकडे इन्साफ मागणाऱ्याने आपले घरही तपासावे. मदिनेत हजरत बिलाल हब्शी, हजरत सलमान फारसी आणि हजरत सुहैब रूमी एकाच सफेत उभे राहिले. सुहैब लहानपणी रूमींच्या कैदेत गेले आणि तिथेच वाढले, म्हणून ते ‘रूमी’. सन ६४४ मध्ये हजरत उमर यांनी मृत्युशय्येवरून वसीयत केली की नवा खलिफा ठरेपर्यंत सुहैब यांनीच नमाज पढवावी. एके काळी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसामागे अरबांचे सरदार उभे राहिले. कुणी त्यांना मूळ गाव विचारले नाही.

आणि आपण? मस्जिदीत एका सफेत उभे राहतो. पण सोयरिकीची गोष्ट निघाली की पहिला सवाल येतो, “बिरादरी कोणती?” पिंजारी, मोमीन, खाटीक, मणियार ही नावे मेहनतीची आहेत. तरी ती आपण दबक्या आवाजात उच्चारतो आणि अरबस्तानातून, इराणातून आल्याच्या कहाण्या मोठ्या आवाजात सांगतो. मग बाहेरच्या कुणी “तुम्ही बाहेरून आलात” म्हटले की दुखावतो. ही कहाणी त्याच्या हाती आपणच दिलेली असते.

म्हणून यापुढे कुणी मूळ विचारले तर चिडायचे कारण नाही. ज्या मातीतली मलमल रोमच्या बाजारात गेली, त्याच मातीत आज आमचे हात राबत आहेत, हे उत्तर पुरेसे आहे. ते ताठ मानेने देता यावे, यासाठी दाराशी आलेल्या माणसाची बिरादरी विचारणे मात्र आधी आपणच सोडले पाहिजे.